आमची वाटचाल आणि ते सतरा दिवस

नारायण पेठेतल्या दोन खोल्यांत आम्ही कारखान्यांचे मेल सर्व्हर (ईमेल पाठवणारे-घेणारे संगणक) उभारून सांभाळण्याचा व्यवसाय सुरू केला, तेव्हा भांडवल म्हणजे एक जुना संगणक, वीत्से वेनेमा यांचे पोस्टफिक्स हे मेल सर्व्हरचे सॉफ्टवेअर आणि जॉन पोस्टेल यांनी 1982 साली लिहिलेल्या आरएफसी 821 ची, म्हणजे ईमेल पाठवण्याच्या नियमावलीची, छापील प्रत. टेलनेट या प्रोग्रॅमने सर्व्हरच्या पोर्ट 25 वर, म्हणजे मेल घेण्याच्या दारावर, जाऊन हेलो, मेल फ्रॉम, आरसीपीटी टू, डेटा अशा आज्ञा हाताने टाइप करायच्या, शेवटच्या ओळीत नुसते टिंब द्यायचे आणि समोरून 250, म्हणजे 'स्वीकारले', आले की जीव भांड्यात पडायचा. नव्या मुलांना पहिला आठवडा मी आजही हेच करायला लावतो.

पहिली वर्षे बरी गेली. मग 2009 च्या दिवाळीच्या तोंडावर एका ग्राहकाच्या अकाउंट्सच्या खात्याचा पासवर्ड (कंपनीचे नाव आणि पुढे 123!) कुणाच्या तरी हाती लागला आणि रातोरात आमच्या सर्व्हरवरून जगभर जाहिराती सुटल्या. पाठवायच्या मेलची रांग मी दुपारपर्यंत साफ केली. परंतु आमचा आयपी, म्हणजे सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता, स्पॅम पाठवणाऱ्यांच्या काळ्या यादीत गेला होता आणि सगळ्यांची मेल त्याच पत्त्यावरून जात असल्याने, ज्यांचा काडीचा दोष नव्हता त्यांच्याही कोटेशनांना 550 हा नकार मिळू लागला. नकार 4 ने सुरू होणारा असेल तर सर्व्हर थांबून पुन्हा प्रयत्न करतो. 5 म्हणजे दार बंद. नवा आयपी घेतला, तर त्याची पीटीआर नोंद (आयपीवरून सर्व्हरचे नाव सांगणारी; ती नसेल तर समोरचे सर्व्हर अनेकदा मेल घेत नाहीत) इंटरनेट लाइन देणाऱ्या कंपनीच्या हातात, आणि तिने सतरा दिवस लावले.

तेवढ्यात शहरातल्याच एका व्यावसायिकाने आमचे ग्राहक एकेक करून गाठले. सर्वांना एकाच आयपीवर बसवणे ही चूक माझीच. पण "आमची मेल कधीच परत येत नाही" म्हणणाऱ्या या गृहस्थांनी ग्राहकांच्या एसपीएफ नोंदीच्या (आपल्या नावाने कोणत्या सर्व्हरने मेल पाठवायची त्या यादीच्या) शेवटी लिहिले होते 'प्लस ऑल', म्हणजे जगातल्या कोणत्याही सर्व्हरने या नावाने खुशाल मेल पाठवावी. वॉचमनला 'येईल त्याला सोड' सांगून राखणीचे पैसे घेण्यासारखेच हे. पुढे त्यांतल्या तिघांच्या नावाने खोटी बिले फिरली, तेव्हा फोन मला आले. मला आनंद झाला नाही, असे म्हणणे खोटे ठरेल.

भोसरीचे आमचे गिअरवाले शेठ मात्र हलले नाहीत. कोटेशन छापून मोटारसायकलवरून स्वतः चाकणला नेऊन देत आणि संध्याकाळी येऊन विचारत, "काय, उठला का तुमचा पोस्टमन?" त्या महिन्याचे बिलही त्यांनी पूर्ण भरले. 2024 च्या फेब्रुवारीत जीमेल आणि याहूने मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) आणि डीमार्क (या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचे काय करायचे ते सांगणारी नोंद) सक्तीचे केले, तेव्हा त्यांच्याकडे तिन्ही केव्हाच लागलेले होते.

जाता जाता सांगतो : डीमार्क आधी 'नन'वर (काही अडवू नका, नुसते कळवा) ठेवून महिनाभर अहवाल वाचा, मगच 'रिजेक्ट' (नापास मेल नाकारा) करा, आणि एसपीएफ तपासताना डीएनएसच्या (इंटरनेटवरच्या नाव-पत्त्यांच्या नोंदवहीच्या) चौकशा 10 च्या पुढे गेल्या तर नोंदच निकामी होते, म्हणून नवे सॉफ्टवेअर जोडण्याआधी त्या मोजा. शेठजींच्या मुलाने परवा नवे ईआरपी (कारखान्याचा हिशेब-कारभार सांभाळणारे सॉफ्टवेअर) घेतले आणि जोडण्याआधी फोन केला, "काका, आपल्या किती झाल्यात?"

नऊ झाल्या होत्या.