गच्चीवरच्या उन्हात समुद्राचं पाणी गोड करताना

माझी आत्या हर्णैजवळ राहते. एप्रिल लागला की तिच्या विहिरीचं पाणी मचूळ होतं. गोड्या पाण्याची पातळी उतरली की खालून खारं पाणी वर सरकतं, किनाऱ्यालगतच्या विहिरींचं हे जुनं दुखणं आहे. धुण्या-भांड्यांना ते पाणी चालतं, पण प्यायला आणि डाळ शिजवायला वाडीतल्या वरच्या विहिरीवरून आणावं लागतं. सत्तरी ओलांडलेल्या बाईने कळशी घेऊन तो चढ चढायचा, हे मला पाहवत नव्हतं. म्हणून उन्हावर पाणी गोड करणारी पेटी आधी इथे पुण्यात, कोथरूडला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर करून पाहायचं ठरवलं.

शेजारच्या काकांनी विचारलं, “अगं, ओट्यावरचं आरओच नेऊन लाव ना तिकडे.” मचूळ पाण्याला ते काही अंशी जमेल, पण ऐन मेमध्ये विहीरच तळ गाठते आणि मग उरतो तो समुद्र. त्याच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. क्षार मागे ठेवून ते पाणी आरओच्या पडद्यातून ढकलायला हवेच्या दाबाच्या ५०-६० पट दाब लागतो. स्वयंपाकघरातल्या पंपाची ती ताकद नाही.

पेटी म्हणजे वर तिरकी काच लावलेला उथळ ट्रे. उन्हाने खाऱ्या पाण्याची वाफ होते, काचेवर तिचं पाणी होऊन ते पन्हळीत ओघळतं आणि मीठ खाली उरतं. उन्हाचं गणित मात्र सरळ आहे. एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण ०.६५ युनिट (किलोवॅट-तास) उष्णता लागते. एप्रिलमध्ये पुण्यात चौरस मीटरभर जागेवर दिवसाला साडेसहा युनिटांच्या आसपास ऊन पडतं. म्हणजे हिशेबाने दहा लिटर. साध्या पेटीत त्यातला तिसरा हिस्सा हाती लागतो, बाकीची उष्णता काचेतून आणि बाजूंनी निघून जाते. चिलीतल्या लास सालिनास इथे १८७२ साली याच तत्त्वावर चार हजारांहून जास्त चौरस मीटर काचेखाली दिवसाला वीस हजार लिटरांवर पाणी मिळत असे. हे वाचल्यावर मला धीर आला.

सोसायटीची परवानगी मिळायला वेळ गेला. वॉटरप्रूफिंगला धक्का लागेल, ही सेक्रेटरींची धास्ती रास्तच होती. पेटीखाली रबरी पाय आणि भरलेल्या पेटीचं वजन, दोन्ही अर्जात लिहून दिल्यावर सही झाली. मीटरभर लांब, अर्धा मीटर रुंद स्टीलचा ट्रे फॅब्रिकेटरकडून करून घेतला. बाकीचं किरकोळ सामान बोहरी आळीत मिळालं. ट्रेला काळा रंग द्यायचं टाळलं, कारण तापल्यावर त्याचा वास पाण्यात उतरण्याची भीती होती. त्याऐवजी तळाशी काळं सुती कापड अंथरलं. ते खळखळ धुऊन, रंग जाईनासा झाल्यावरच वापरलं.

खरी मेहनत काचेवर आहे. पुण्याच्या अक्षांशाइतका, म्हणजे साधारण १८-१९ अंशांचा उतार दक्षिणेकडे दिला. त्यासाठी मागची भिंत पुढच्यापेक्षा सुमारे १७ सेंटीमीटर उंच ठेवली. काच आतून जरा तेलकट असली की वाफेचे टपोरे थेंब होतात आणि पन्हळीपर्यंत पोचायच्या आत परत खाऱ्या पाण्यात पडतात. स्वच्छ काचेवर मात्र पाण्याचा पातळ पापुद्रा धरतो आणि सरळ खाली ओघळतो. मी काच साबणाने, मग व्हिनेगरने घासून घेतली आणि पन्हळीत पडणारं पाणी नजरेला येईल इतकं वाढलं.

समुद्राचं पाणी हर्णैहून कॅनमध्ये आणलं होतं. ट्रेमध्ये ते दोन सेंटीमीटरच ठेवायचं, जास्त भरलं तर तापायलाच दुपार होते. सकाळी बराच वेळ काचेवर नुसतं धुकं दिसतं, बाराच्या सुमाराला धार लागते आणि ऊन उतरलं तरी तासभर ठिबकत राहतं, कारण काच आधी गार होते आणि पाणी नंतर. चांगल्या दिवशी पावणेदोन लिटरच्या आसपास मिळालं, ढगाळ दिवशी निम्म्याहून कमी. ट्रे कोरडा पडू द्यायचा नाही. मिठाचा पांढरा थर बसला की ऊन परत फिरतं. रोज सकाळी जुनं दाट पाणी काढून ताजं भरायचं.

सुरुवातीच्या पाण्याला फटी बुजवायच्या सिलिकॉनचा वास होता, तो जाईपर्यंत सगळं पाणी झाडांना घातलं. नंतर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजणाऱ्या मीटरवर लिटरमागे वीस मिलिग्रॅमच्या आत आकडा आला. मीटरला जंतू कळत नाहीत, म्हणून नमुना प्रयोगशाळेतही तपासून घेतला. अहवाल चांगला आला.

हे पाणी चवीला अगदी सपक लागतं. आत्याकडे त्यात थोडं विहिरीचंच मचूळ पाणी उकळून, गार करून मिसळायचं, असं आम्ही ठरवलंय. विहिरीचा टीडीएस दोन हजार असला, तरी पाच भाग पेटीच्या पाण्यात एक भाग मिसळल्यावर तो साडेतीनशेच्या आत राहतो. पिण्याच्या पाण्यासाठी मानकाची इष्ट मर्यादा ५०० आहे.

एका माणसाचं पिणं आणि थोडा स्वयंपाक भागवायला अशा तीन पेट्या लागतील. आंघोळीचं पाणी यातून निघणार नाही, हे आत्याला आधीच सांगितलंय. तिच्या खळ्यात माडांची सावली पडत नाही असा दक्षिणेकडचा तुकडा खुणा करून ठेवलाय. पुढच्या दोन ट्रेंचं माप फॅब्रिकेटरकडे दिलं आहे.