आजीला काय विचारावे

घरातल्या वृद्ध माणसाच्या स्मरणशक्तीची चारचौघांत परीक्षा घेण्याची आपल्याकडे सवयच पडली आहे. पाहुणे आले की कोणीतरी विचारतो, "आजी, हे कोण आहेत, सांग बरं?" आजी गोंधळते आणि 'आता तिला काही आठवत नाही' असा निकाल तिच्यादेखतच लागतो. हा निकाल मला अन्यायाचा वाटतो, कारण पुष्कळदा आठवण शाबूत असते. तिच्यापर्यंत पोहोचवणारी खूण मात्र प्रश्नात नसते.

कॅनडातील मानसशास्त्रज्ञ एंडेल टल्विंग आणि झेना पर्लस्टन यांनी 1966 मध्ये हा फरक प्रयोगाने दाखवला. निरनिराळ्या गटांतील शब्दांच्या याद्या विद्यार्थ्यांना ऐकवल्या. पुढे काहींना नुसतेच आठवायला सांगितले, तर काहींना गटांची नावे दिली. नावे मिळालेल्यांना, विशेषतः लांब याद्यांतले, कितीतरी अधिक शब्द आठवले, आणि ज्यांना आधी आठवले नव्हते त्यांनाही नावे मिळताच नवे शब्द सुचले. म्हणजे ते शब्द मनात होतेच.

माझ्या मोठ्या बाबांची हयात नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये गेली. 1877 मध्ये सुरू झालेल्या त्या गिरणीच्या जागेवर आता मॉल उभा आहे. 'मिलमधलं काही सांगा' म्हटले की ते "काय सांगू?" एवढेच म्हणत. एकदा मी फक्त इतकेच विचारले, की महाल वस्तीतून निघाल्यावर कोणत्या रस्त्याने जायचे. त्यावर ते गांधीसागरच्या काठापर्यंत आले आणि म्हणाले, "तलावापाशी एक जण भेटाचा, मंग आम्ही दोघं संगं जाचो." त्या सोबत्यामागून भोंगा आला, केसांत अडकणारा कापूस आला आणि पगाराच्या दिवशीची गर्दीही आली. तुटलेले सूत जोडण्याविषयी बोलताना त्यांचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासली जात होती, आणि नसलेल्या धाग्याला पीळ बसत होता. हाताचे हे कौशल्य मेंदू घटनांच्या आठवणींपेक्षा वेगळ्या यंत्रणेने जपतो, म्हणून नावे विसरलेल्या माणसाचा हात कामाला चुकत नाही.

वासाचेही तसेच आहे. इतर संवेदना आधी मेंदूतल्या थॅलॅमस नावाच्या भागात जातात, गंधाचे संदेश मात्र भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांकडे बरेच थेट पोहोचतात. नागपुरातल्या इतवारीच्या किराणा ओळीतून जाताना एखाद्याला एकाएकी माहेर आठवते, ते याचमुळे असावे.

मात्र खूण देणे वेगळे आणि उत्तर पढवणे वेगळे. अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी 1974 मध्ये गाड्यांच्या अपघाताची चित्रफीत दाखवून वेगाविषयी विचारले, तेव्हा प्रश्नात 'आदळल्या' असा जोरकस शब्द असला तर लोक वेग अधिक सांगत. आठवड्याने त्यांतल्या अनेकांना प्रत्यक्षात नसलेली फुटकी काचही आठवली. स्मरण म्हणजे मन दर वेळी घटना नव्याने जुळवते, आणि आपला शब्द त्या जुळवणीत मिसळून जातो. म्हणून 'तेव्हा तुम्ही फार घाबरला असाल ना?' असे मी कोणाला विचारत नाही. भीती असेल तर ती त्यांच्याच तोंडून येऊ द्यावी.

खुणेचा उपयोग आणखी एका कारणासाठी महत्त्वाचा आहे. वयामुळे आठवायला वेळ लागणाऱ्या माणसाला खूण मिळाली की बहुधा वाट सापडते. अल्झायमरमध्ये आठवण मुळात नीट साठतच नसल्याने खुणेचाही फारसा उपयोग होत नाही, आणि डॉक्टर तपासणीत हा फरक पाहतात. खूण देऊनही कालपरवाच्या गोष्टी वारंवार निसटत असतील, तर 'वय झालं' म्हणून सोडून न देता डॉक्टरांकडे जावे.

बाकी वेळी प्रश्न बदलून पाहावा. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे पुतळ्यांची मिरवणूक, निघते, तेव्हा आजीला 'तुमच्या वेळची मारबत कशी होती?' असे विचारण्याऐवजी ती मिरवणूक कुठे उभी राहून पाहायची, शेजारी कोण असायचे आणि घरी परतल्यावर कोणाच्या हातचे खायची, हे विचारावे, आणि मग मध्ये न बोलता ऐकत राहावे.