ज्याचे घर, त्याचे स्वातंत्र्य?

बडोदे, रविवार

सरकारने माणसाच्या वाटेत न येणे म्हणजे व्यक्तिस्वातंत्र्य, असे आपण सहज म्हणतो. पण या शहराचा इतिहास आठवला की ते मला फार अपुरे वाटते. १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले आणि दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याच्या करारानुसार १९१७ मध्ये येथे रुजू झाले. राजा अनुकूल होता, हुद्दा होता, विद्या होती. राहायला जागा तेवढी नव्हती. पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले, पण ओळख उघड होताच काठ्या घेतलेला जमाव दारात आला. मुंबईची गाडी सुटेपर्यंतचे तास त्यांनी कमाटीबागेत काढले. ज्या महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, त्यांच्या हुकमाची मजल कचेरीपर्यंतच होती.

त्याच दिवशी बाबासाहेबांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला होता. हिंदू मित्राला मनापासून दुःख झाले, पण तुम्ही आलात तर घरचे नोकर निघून जातील, असे तो म्हणाला. ख्रिस्ती मित्राने पत्नीला विचारावे लागेल असे सांगितले. मी या दोघांचा पुष्कळ विचार करते. ज्याला नकार मिळाला त्याचे स्वातंत्र्य तर हिरावले गेलेच, आणि त्या अन्यायाची बरोबरी कशाशीच होणार नाही. परंतु मित्राला घरी ठेवून घेण्याची इच्छा असूनही ज्यांना तसे करता आले नाही, ते यजमान तरी स्वतःच्या घरात कुठे स्वतंत्र होते?

आज आमच्या सोसायटीच्या बैठकीत हाच प्रश्न समोर आला. परगावी राहणाऱ्या एका सभासदाने आपला फ्लॅट एका मुस्लिम कुटुंबाला भाड्याने द्यायचे ठरवले आहे. कोणी आवाज चढवला नाही. माणसे चांगलीच असतील, पण लोक काय म्हणतील, एवढेच सर्वजण सौम्यपणे म्हणत राहिले. ‘ज्याचे घर, त्याचे स्वातंत्र्य’ हे वाक्यही विरोध करणाऱ्यांनीच उच्चारले, आणि ज्याचे घर आहे त्याची इच्छा मात्र कोणी विचारात घेतली नाही.

भीती खोटी आहे, असे मी म्हणणार नाही. दंगलीनंतर घाबरलेल्या माणसाला मिळेल त्या भावाने घर विकावे लागू नये, यासाठी १९९१ चा कायदा झाला, ज्याला येथे सगळे ‘अशांत धारा’ म्हणतात. त्या संरक्षणाची गरज होती. पण शहराच्या ज्या भागांत तो लागू आहे, तेथे घेणारा आणि देणारा राजी असूनही कलेक्टरांच्या पूर्वपरवानगीशिवाय व्यवहार होत नाही, आणि पिढी बदलली तरी वस्त्यांच्या सीमा होत्या तेथेच राहतात.

संविधानाच्या अनुच्छेद १९ ने देशात कोठेही राहण्याचे स्वातंत्र्य दिले आणि अनुच्छेद १५ ने दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, रस्ते सर्वांना खुले केले. त्या यादीत राहत्या घराचा स्पष्ट उल्लेख नाही. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा, सभासदत्व आपल्या समाजापुरते राखणारा नियम वैध मानला. संघटना करण्याचे स्वातंत्र्य मलाही मोलाचे वाटते. मात्र एका घरमालकाचा नकार ही त्याची आवड म्हणता येईल. गल्लीतील प्रत्येक घरातून तोच नकार आला, तर ज्याला तो मिळतो त्याच्यासाठी अनुच्छेद १९ कागदावरच राहतो.

निर्णय पुढच्या बैठकीवर गेला आहे. नकार द्यायचाच असेल तर त्याचे खरे कारण ठरावात लिहावे आणि प्रत्येकाने त्याखाली सही करावी, अशी मागणी मी आज रात्रीच चिटणीसांना लेखी पाठवली आहे.