कुडीच्या फिरकीतलं शिसं

मालाडला माझा खोट्या दागिन्यांचा छोटा कारखाना आहे. ठुशी, नथ, बुगडी, कुडी. जर्मनीतल्या एका बाईंनी कुड्यांची ऑर्डर दिली आणि खाली एक अट घातली: माल युरोपच्या रीच कायद्यात, म्हणजे घातक रसायनांवर मर्यादा घालणाऱ्या नियमांत, बसला पाहिजे.

मला वाटलं, एक सर्टिफिकेट काढलं की झालं. अंधेरी एमआयडीसीतल्या लॅबमध्ये नमुना घेऊन गेले, तर तिथल्या मॅडमनी विचारलं, "एका कुडीत सुटे भाग किती?" पत्रा, तार, सोल्डर, कानात जाणारी दांडी, फिरकी, मोती, मुलामा. मोजता मोजता कळलं की अख्ख्या कुडीची सरासरी काढून चालत नाही, प्रत्येक भाग वेगळा तपासला जातो. धातूच्या भागात शिसं वजनाच्या 0.05 टक्क्याच्या आत हवं, कॅडमियम 0.01 टक्क्याच्या आत. टोचलेल्या कानातून जाणाऱ्या दांडीतून निकेल आठवड्याला दर चौरस सेंटीमीटरमागे 0.2 मायक्रोग्रॅमपेक्षा कमीच सुटायला हवं. त्यासाठी मीठ, लॅक्टिक आम्ल आणि युरिया घालून केलेल्या कृत्रिम घामात 30 अंशांवर नमुना आठवडाभर ठेवतात.

रिपोर्ट आला. तिन्हींत नापास.

फिरकीचं कारण लगेच सापडलं. लेथवर सहज कापलं जावं म्हणून पितळेच्या सळईत दोन-तीन टक्के शिसं घातलेलं असतं. गुलालवाडीतून बिनशिशाची सळई आणली. लेथवाले काका वैतागले, कारण तिचा भुगा पडत नाही, लांब वेटोळी निघून हत्याराला गुंडाळतात. दर वाढवून मागितला, मी दिला. निकेल मुलाम्यात होतं: सोन्याच्या थराखाली चकाकीसाठी देतात. प्लेटिंगवाल्यांनी त्याजागी व्हाइट ब्राँझ, म्हणजे तांब्या-कथलाचा पांढरा मिश्रधातू, घेतलं.

सगळ्यात अवघड होतं सोल्डर. केडीएम, म्हणजे कॅडमियमच्या सोल्डरनं जोडलेलं सोनं, हा शब्द आपल्याकडे घरोघरी माहीत आहे, पण तेच कॅडमियम माझ्याच टेबलावर आहे हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. झाळकाम करणारे आमचे मामा वीस वर्षं कॅडमियमवाल्या सोल्डरचीच पट्टी वापरत होते. कमी आंचेवर पाण्यासारखी धावते, बारीक तारेला धक्का लागत नाही.

"मामा, हिच्या धुरानं फुप्फुसं आणि मूत्रपिंडं खराब होतात."

"ताई, धूर तर रोजच घेतोय की."

त्या वाक्यानंतर मला ऑर्डरपेक्षा ती पट्टी टेबलावरून हलवण्याची घाई झाली. कॅडमियम नसलेल्या चांदीच्या सोल्डरला आंच थोडी जास्त लागते. पहिल्या आठवड्यात निम्म्या तारा वितळल्या. मामांनी ज्योत बारीक केली, फुंकणीचा कोन बदलला, आधी पत्रा तापवायचा आणि मग तार टेकवायची, असं स्वतःच बसवलं. त्यांच्या डोक्यावर मी धूर ओढणारा पंखा लावून घेतला. तो वीस वर्षांपूर्वीच लागायला हवा होता, हे मला आजही टोचतं.

नवा नमुना पास झाला. तरी प्रत्येक खेपेला सळई आणि सोल्डर मुलाम्याआधीच एक्सआरएफ यंत्रावर, म्हणजे क्ष-किरणांनी धातू ओळखणाऱ्या यंत्रावर, तपासते. मुलामा चढल्यावर यंत्राला वरचा थरच जास्त दिसतो. पुरवठादाराचं हमीपत्र घेते, पण नुसत्या त्याच्यावर माल पाठवत नाही.

माल गेला त्या संध्याकाळी मामा डबा घेऊन आले. त्यात जुन्या पट्ट्या होत्या, एकही मागे राहू नये म्हणून खणाच्या कोपऱ्यातूनही वेचून आणलेल्या. म्हणाले, "ताई, माझा पुतण्या दहिसरला हेच काम करतो. त्याला नव्या पट्टीचं नाव लिहून द्या."

मी नाव लिहिलं, आणि खाली पंखेवाल्याचा नंबरही.