मेणवलीची घंटा आणि गायब झालेले ११ दिवस

स्मरणिकेसाठी शाळेची आठवण लिही म्हणाले तेव्हा मला पहिल्यांदा आठवली ती मेणवलीची घंटा. १९८४ साली आम्ही आठवीत होतो, सहल म्हणजे काय तर वाईपासून चालतच निघायचं, डबे पिशवीत. नाना फडणवीसांचा वाडा बघून झाला आणि पोरं पळाली कृष्णेच्या पाण्याकडे, तेवढ्यात इतिहासाच्या सरांनी आम्हा तिघांना हाक मारली आणि घाटावरच्या त्या भल्यामोठ्या घंटेखाली उभं केलं.

"हात लाव, काय दिसतंय सांग."

"सर, देवी आहे. कडेवर बाळ आहे."

"कुठली देवी रे? नीट बघ."

धातू गार होता आणि बोटांना उठाव लागत होता. ती मेरी होती, बाळ म्हणजे येशू, आणि साल होतं १७०७. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा आपल्याकडच्या देवळांत आल्या, नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे, भीमाशंकरला आहे, तशीच ही. मी कितीतरी वेळा ती घंटा बघितली होती, पण वाचली कधीच नव्हती.

सोमवारी लायब्ररीत जाऊन मराठी विश्वकोश मागितला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींचं ते एवढं मोठं काम आपल्या वाईत चाललेलं आणि मी तोवर एकही खंड उघडला नव्हता! 'वसई' शोधायला गेलो तर 'व' चा खंड तेव्हा निघालेलाच नव्हता, मग 'पोर्तुगाल' काढलं, त्यावरून दुसरंच काहीतरी, तिथून 'पंचांग', आणि शाळेची घंटा झाली तरी मी तिथेच. ती सवय लागली ती आजतागायत.

पुढे कॉम्प्युटरच्या नोकरीत एका सिनियरने युनिक्सवर, म्हणजे तिथल्या कॉम्प्युटर सिस्टिमवर, कॅल ही कॅलेंडर दाखवणारी कमांड देऊन १७५२ चा सप्टेंबर दाखवला. २ तारखेनंतर थेट १४! मला वाटलं बग आहे. पण इंग्रजांनी खरंच तेव्हा जुनं ज्युलियन कॅलेंडर सोडून आजचं ग्रेगोरियन घेतलं होतं, जुन्यातलं वर्ष सूर्याच्या खऱ्या वर्षापेक्षा साधारण ११ मिनिटांनी मोठं, ती मिनिटं साठत साठत ११ दिवसांचा फरक पडलेला, म्हणून मधल्या तारखाच काढून टाकल्या. पोर्तुगालने मात्र हे १५८२ लाच केलं होतं. म्हणजे बघा, १७३९ ला वसई पडली तेव्हा मुंबईतले इंग्रज आणि वसईतले पोर्तुगीज एकाच दिवशी वेगवेगळी तारीख लिहीत होते, आणि अंतर तरी किती थोडं! त्या रात्री झोप आली नाही मला. शिवराज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीखसुद्धा इंग्रजांच्या जुन्या कॅलेंडरची, आजच्या हिशोबाने ती १६ जून येते, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी मात्र तीच राहते. असं काही सापडलं की मला अजून सरांना जाऊन सांगावंसं वाटतं, कारण "नीट बघ" हे त्यांनीच शिकवलं.

आता विश्वकोश नेटवर आलाय. मी त्यात सगळ्यात आधी उघडली ती 'वसई'. बायको म्हणाली झोपा आता, साडेअकरा वाजले, पण तोवर शेजारची दुसरी नोंद उघडून झाली होती.