कोरेगावचा पिकअप आणि स्टॉलचा आकडा

कोरेगाव भागातल्या एका आले-बागायतदाराचा मुलगा पिकअप घेऊन माझ्या गॅरेजवर आला, तो नवा टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला देणारा भाग, खोक्यात घालूनच. डिझेल इंजिन, सहा गिअरचा ऑटोमॅटिक, मोठा टर्बो, रिमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून ताकद वाढवणं) आणि कंपनीपेक्षा दोन इंच उंच टायर. सोबत वडीलही होते.

"मेस्त्री, गाडी जाग्यावरनं उठतच नाय. हाय स्टॉलचा मागवलाय, तेवढा बसवून द्या."

खोक्यावर लिहिलं होतं 2800 ते 3000. किंमत कंपनीच्या नव्या कन्व्हर्टरच्या निम्म्याहून कमी. कुठल्या इंजिनामागे, किती टॉर्कला हा आकडा मिळतो, ते मात्र कुठेच नाही. गाडी ब्रेकवर जखडून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की इंजिन ज्या आरपीएमवर अडकतं तो स्टॉल, आणि तो एकट्या कन्व्हर्टरचा गुण नव्हे. तोच कन्व्हर्टर जोरकस इंजिनामागे लावला की आकडा आपोआप वर जातो, टॉर्कच्या वर्गमुळाच्या हिशोबाने. टॉर्क सव्वापट झाला तर स्टॉल सुमारे बारा टक्के वाढतो. या गाडीचा मूळ स्टॉल 2000 च्या आसपास. रिमॅपवाल्याने 350 चा टॉर्क 440 केल्याचं सांगितलं होतं. ते खरं असेल तर सुटा पार्ट न घेताच स्टॉल 2200 च्या पुढे जायला हवा. व्हिडिओ बघून पार्ट मागवणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही. त्या व्हिडिओंत असतात मोठे पेट्रोल इंजिनवाले, वरच्या आरपीएमला ताकद देणारे ट्रक. आपलं डिझेल 1800 लाच जीव तोडून ओढतं.

म्हणून खोकं बाजूला ठेवलं आणि आधी स्टॉल टेस्ट घेतली. चाकांना ओंडके, हँडब्रेक, डावा पाय ब्रेकवर, लिव्हर डी मध्ये, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण. पाच सेकंदांपेक्षा जास्त नाही, कारण तेवढा वेळ इंजिनाची सगळी ताकद नुसतं तेल तापवते. काटा 1500 लाच थांबला. हिशोबापेक्षा सहाशेहून जास्त खाली आला की दोनच शक्यता उरतात: इंजिन दमलंय, किंवा कन्व्हर्टरच्या आतला स्टेटर, म्हणजे तेल वळवणारं पात्यांचं चाक, सुटलाय. हायवेने लिंबफाट्याकडे चक्कर मारली. एकदा वेग धरल्यावर गाडी छान पळत होती. म्हणजे इंजिन ठीक होतं, संशय स्टेटरवर.

पोरगा तिथे जे बोलला ते अजून माझ्या डोक्यात आहे. "मेस्त्री, मोठा टर्बो 2000 च्या खाली भरतच नाय. काटा 1500 ला अडकला तर बूस्ट, टर्बोचा दाब, येणार कुठनं? म्हणून तर ढिला कन्व्हर्टर पाहिजे." हा मुद्दा चुकीचा नाही. टर्बो मोठा केला की कन्व्हर्टर थोडा सैल, म्हणजे जास्त स्टॉलचा, लागतोच.

गिअरबॉक्स उतरवला. कन्व्हर्टर बाहेर काढल्यावर कळलं की तो आधी एकदा कापून जोडलेला आहे. वेल्ड ओबडधोबड आणि वरून काळा रंग. असलं काम 'रिपेअर' म्हणून विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. गिऱ्हाइकाला आतलं दिसत नाही, याचाच ते फायदा घेतात. टेबलावर ठेवून हबमधून आतल्या आट्यांत पक्कड घातली आणि पोराच्या हातात दिली. स्टेटर एका बाजूला मोकळा फिरला पाहिजे, दुसऱ्या बाजूला घट्ट धरला पाहिजे. हा दोन्हीकडे गरगर फिरत होता. गिअरबॉक्सला फिरवणाऱ्या चाकाकडून, म्हणजे टर्बाइनकडून, परत येणारं तेल वळवून इंजिन फिरतं त्या दिशेने देणं हे स्टेटरचं काम. तो थांबून राहिला तर गाडी उठताना टॉर्क जवळजवळ दुप्पट मिळतो. तोच फिरायला लागला की ती दुप्पट गेली. मग मोठा टर्बो असो की लहान, उठाव कुठून येणार?

मग पोराने खोक्यातला नवा तपासला. "हा तर धरतोय की!" धरत होताच. तिथे मी वडिलांकडे वळलो. "आण्णा, गाडीत आल्याची पोती भरणार ना?"

"भरणार म्हंजे? त्यासाठीच तर घेतलीय."

मग तो नको. 3000 च्या कन्व्हर्टरवर भरलेली गाडी 1800 ला घाट चढली, तर लॉक-अप (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा कन्व्हर्टरमधला क्लच) लागेपर्यंत नुसती घसरत राहणार आणि ती सगळी घसरण तेलात उष्णता होऊन उतरणार. खोकं परत पाठवलं. जुना कन्व्हर्टर पुण्याला धाडला. तिथे लेथवर कापून स्टेटरला एकाच बाजूला फिरू देणारा नवा वन-वे क्लच, लॉक-अपचं नवं अस्तर, बेअरिंग, सील, मग वेल्ड, गळती तपासणी, बॅलन्सिंग. वाचलेल्या पैशांतून मोठा ऑइल कूलर आणि तेलाच्या तापमानाचा गेज बसवला. रिमॅपवाल्यांनी लॅपटॉप लावण्याआधी एवढं तरी सांगावं, पण त्यांचं काम पैसे हातात पडले की संपतं.

बसवताना मी घाई करत नाही. आत थोडं तेल ओतायचं, कन्व्हर्टर फिरवत फिरवत आत ढकलायचा. शाफ्ट, स्टेटरची नळी आणि पंप अशा तिन्ही ठिकाणी तो बसल्याचं हाताला कळतं. वर पट्टी धरून खोली मोजायची. तो अर्धवट असताना बोल्ट आवळून गिअरबॉक्स ओढून घेतला, तर पंप फुटलाच.

स्टॉल आला 2150. पोती भरून यवतेश्वर घाट चढवला, गेज 95 अंशांच्या आसपास टिकून राहिला. गाडी पहिल्या झटक्याला उठली. पोरगा खूश झाला, पण 2000 च्या खाली टर्बोची वाट बघायला लागते हे त्याला जाणवलं आणि मलाही. स्टेटरच्या पात्यांचा कोन बदलून स्टॉल अजून दोन-तीनशेने वर नेता येतो. रिकाम्या गाडीला ते नक्की आवडेल. भरलेल्या गाडीचं तेल किती तापेल, हा प्रश्न आहे. आल्याच्या हंगामात रोजच्या फेऱ्यांचं तापमान लिहून ठेवायला त्याला सांगितलंय. शंभरच्या खाली राहिलं तर पाती बदलू. वर गेलं तर टर्बो लहान करायचं बोलणं त्याच्याशी करावं लागेल, आणि ते त्याला कसं पटवायचं याचा विचार मी आत्तापासून करतोय.