उभ्याने ऑपेरा

सप्टेंबरात व्हिएन्नाला जायचं ठरलं तेव्हा ताईची एकच अट होती: एक संध्याकाळ स्टाट्सऑपरला. जुलै-ऑगस्ट हे ऑपेरागृह बंद असतं, सप्टेंबरात नवा हंगाम सुरू होतो, म्हणजे मुहूर्त तर बरा होता. पण चांगल्या खुर्चीचा भाव दोनशे युरोंच्या वर बघून आम्ही मुकाट्याने लॅपटॉप मिटला. मग कळलं की उभं राहून ऐकणाऱ्यांसाठी वेगळी तिकिटं असतात, वीस युरोंच्या आत, आणि प्रयोगाआधी ऐंशी मिनिटं त्यांची खिडकी उघडते.

प्रयोग पुच्चिनीच्या ‘टोस्का’ या ऑपेराचा, सातचा. आम्ही साडेतीनलाच जाऊन उभ्या राहिलो. समोरच्या दारात मोझार्टचा टोप आणि लाल झगा घातलेली मुलं तिकिटं विकायला अंगावर येतात. त्यांच्याकडे लक्ष देऊ नका; ती तिकिटं पर्यटकांसाठी दुसऱ्याच कुठल्या तरी हॉलात होणाऱ्या मैफलींची असतात. उभ्याची रांग इमारतीच्या बाजूला, ऑपर्नगास या रस्त्याच्या अंगाला लागते. उन्हात घाम आणि सावलीत स्वेटर, अशी हवा. पुढच्या आजोबांनी घडीची खुर्ची, पुस्तक, सफरचंद असा सगळा संसार आणला होता. त्यांनीच सांगितलं, पार्टेर मागा, म्हणजे तळमजला. तिथली उभ्याची जागा जुन्या शाही बॉक्सच्या बरोबर खाली येते, रंगमंच थेट समोर.

तिकीट हातात आलं की पळापळ होईल असं वाटलं होतं, पण आत पुन्हा रांग, मग दार उघडतं आणि सगळे शिस्तीत आत जातात. उतरत्या पायऱ्या आणि प्रत्येक पायरीला लोखंडी कठडा. आपल्या जागी कठड्याला काहीतरी बांधायचं, की ती जागा आपली. बाकीच्यांचे मफलर, ताईची बांधणीची ओढणी. मग खुशाल बाहेर जा, खाऊन या, कोणी गाठ सोडत नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरणाऱ्या आम्हाला हे शिकवावं लागलं नाही. कोट आणि पिशव्या मात्र क्लोकरूममध्येच ठेवाव्या लागतात.

कठड्यावर छोटा पडदा असतो, त्यावर गाण्याचे शब्द भाषांतरासह उमटतात. मी पहिल्या अंकानंतर तो बंदच केला. ‘टोस्का’चं इथलं नेपथ्य 1958 पासून तेच आहे. आपल्याकडे कोणी म्हटलं असतं, बदला आता; पण दुसऱ्या अंकात नायिका टोस्का दुष्ट पोलीसप्रमुख स्कार्पियाला भोसकते, त्याच्या दोन्ही बाजूंना मेणबत्त्या ठेवते, छातीवर क्रूस ठेवते आणि झग्याचा घोळ ओढत निघून जाते, तेव्हा जुनं-नवं काही सुचत नाही. खाली पिटात, म्हणजे रंगमंचापुढच्या खोलगट जागेत, वाजवणारा वाद्यवृंद तोच, ज्यातून व्हिएन्ना फिलहार्मोनिक या नावाजलेल्या वाद्यवृंदाचे वादक येतात. त्या तारवाद्यांचा आवाज अंगावर येतो, कानांपर्यंत थांबत नाही.

पाय दुखतात, खोटं कशाला बोलू. पण दोन मध्यंतरं असतात, आणि पहिल्यानंतरच बरेच पर्यटक निघून गेले, त्यामुळे तिसऱ्या अंकाला आम्ही कठड्यावर कोपरं टेकून ऐसपैस उभ्या होतो. त्या आजोबांनी मात्र शेवटपर्यंत कशाचाच टेकू घेतला नाही.

परतताना ट्राममध्ये ताई म्हणाली, पुढच्या वेळी वाग्नरचा ऑपेरा. त्याचे काही प्रयोग मध्यंतरं धरून पाच तासांवर जातात. मी म्हटलं, तू उभी राहा, मी खुर्चीसाठी आजपासून पैसे साठवते.